दोन्ही फ्लास्कमधले जिवाणू संथ, मग चकाकी एकीकडे वाढते आणि दुसरीकडे घटते ती का?

समाकलन

मंडळी, मी मूळची गणिताची. अवकल समीकरणं सोडवणं हा धंदा, आणि सध्या शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीच्या आकड्यांना मॉडेल बसवून देते. एका ठिकाणी गाडी अडली आहे. इथे सूक्ष्मजीवशास्त्रवाले बरेच आहेत म्हणून धागा काढतेय.

जिवाणू ई. कोलाय, नेहमीचा के-१२ वाण. त्यात जीएफपी, म्हणजे हिरवं चकाकणारं प्रथिन, अशा प्रमोटरखाली (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) बसवलंय की ज्यावर कुणाचंच नियंत्रण नाही. दाबणारा रिप्रेसर नाही, चेतवणारा अॅक्टिव्हेटर नाही. जनुक सदा चालू. मैत्रीण प्लेट रीडरवर चकाकी मोजते आणि तिला ओडीने, म्हणजे पेशी किती दाट आहेत ते सांगणाऱ्या गढूळपणाच्या मापाने, भागते. तीन प्रकार केलेत:

अ: ग्लुकोज आणि वर कॅसअमिनो आम्लं. जिवाणू साधारण अर्ध्या तासात दुप्पट.
ब: फक्त ग्लिसरॉल. दुप्पट व्हायला दीड तासाच्या आसपास.
क: अ सारखंच माध्यम, पण रायबोसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं, अडवणाऱ्या क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा हलका डोस. दुप्पट व्हायला सुमारे तास.

माझं मॉडेल कुठल्याही पुस्तकात सापडेल असं (एमआरएनए ही जनुकाची नक्कल; ट्रान्सक्रिप्शन म्हणजे ती काढणं, ट्रान्सलेशन म्हणजे तिच्यावरून प्रथिन बनवणं):

एमआरएनएतला बदल = ट्रान्सक्रिप्शनचा दर − (विघटनाचा दर + वाढीचा दर) × एमआरएनए
प्रथिनातला बदल = ट्रान्सलेशनचा दर × एमआरएनए − वाढीचा दर × प्रथिन

एमआरएनए काही मिनिटांतच मोडतो, त्यामुळे तिथे वाढीचा दर नगण्य. जीएफपी मात्र मोडत नाही. त्याची संहती कमी होते ती फक्त पेशी फुगत जाते म्हणून. म्हणजे स्थिर अवस्थेत प्रथिन = निर्मिती ÷ वाढीचा दर. निर्मिती तेवढीच धरली तर ब मध्ये अ च्या तिप्पट चकाकी हवी आणि क मध्ये दुप्पट.

प्रत्यक्षात ब मध्ये दीडपटीच्या जरा वर आहे. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं. पण क मध्ये दुप्पट सोडाच, अ च्या निम्मी आहे! दोन्हीकडे जिवाणू संथ झालेत, मग एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली, हे कसं?

पेट्री_डिश

आधी नेहमीच्या चौकशा. जनुक प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या सुट्या डीएनए-कड्यावर) आहे की गुणसूत्रात? गुणसूत्रात असेल तर कुठे? आणि ओडी कितीपर्यंत वाचताय? ०.४ च्या वर गेलात की प्लेट रीडरमध्ये ओडी आणि पेशींचं नातं सरळ रेषेत राहत नाही. मग चकाकी ÷ ओडी उगाच फुगलेली दिसते.

समाकलन

गुणसूत्रात, एकच प्रत. ओडी ०.०५ ते ०.३ एवढाच पट्टा घेतलाय, तोही लॉग फेजमधलाच, म्हणजे पेशी ठरावीक दराने दुप्पट होत असतानाचा. नुसत्या माध्यमाची आणि जीएफपी नसलेल्या वाणाची चकाकी वजा केलेली आहे.

पेट्री_डिश

मग मोजमाप बरं आहे. प्लास्मिड असतं तर प्रतींची संख्याच वाढीच्या दराबरोबर बदलते आणि सगळा चिवडा होतो.

गुणसूत्रातही जागा पाहावी लागते. कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये दाखवलं की वेगाने वाढणाऱ्या ई. कोलायला पूर्ण गुणसूत्राची प्रत काढायला सुमारे ४० मिनिटं लागतात, आणि त्यानंतर विभाजनापर्यंत आणखी २० मिनिटं. पण पेशी तर २० मिनिटांतही दुप्पट होते! हे जमतं कारण पहिली प्रत पूर्ण होण्याआधीच पुढची सुरू झालेली असते. त्यामुळे २० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या पेशीत प्रत काढण्याच्या आरंभबिंदूजवळच्या जनुकाच्या सरासरी ८ प्रती असतात, कारण २ चा घात ६०/२०. टोकाच्या जनुकाच्या दोनच. तुमचा 'निर्मितीचा दर' अ आणि ब मध्ये एकसारखा धरायला इथेच पहिला सुरुंग लागतो.

खुर्ची_टाकून

वाचतोय. काही कळत नाहीये पण मजा येतेय.

फावल्या_वेळात

पेट्री_डिश यांचा मुद्दा खरा आहे, पण क चं कोडं त्याने सुटत नाही. प्रतींची संख्या एवढी निर्णायक असती तर क चा आकडा ब च्याच दिशेला गेला असता.

गफलत अशी होते की मॉडेलमध्ये वाढीचा दर बाहेरून दिलेला असतो. आकडा घातला आणि पुढे निघालो. पण वाढ म्हणजे तरी काय? त्याच पेशीतले रायबोसोम जी प्रथिनं बनवतात त्यांची बेरीज. जीएफपी बनवणारे रायबोसोम आणि वाढ घडवणारे रायबोसोम वेगळे नाहीत. म्हणून वाढीचा दर बदलला की नुसता विरलनाचा (पेशी फुगल्याने पातळ होण्याचा) पद बदलत नाही, निर्मितीचा पदही बदलतो. आणि तो कसा बदलेल हे दर *का* बदलला यावर ठरतं.

यावरचं मला सगळ्यात नेटकं वाटलेलं काम २०१० चं, मॅथ्यू स्कॉट, टेरेन्स ह्वा आणि सहकारी यांचं, 'सायन्स'मध्ये आलेलं. त्यांनी पेशीतल्या सगळ्या प्रथिनांचे तीन वाटे केले:

र: रायबोसोम आणि त्यांच्या दिमतीची प्रथिनं
प: अन्न आत आणणारी, पचवणारी, अमिनो आम्लं बनवणारी
स: परिस्थिती कशीही असो, ज्यांचा वाटा हलत नाही अशी

र + प + स = १. स जवळपास निम्मा, तो धरून ठेवलेला. म्हणजे र + प ला उरले अंदाजे ०.५५.

आता दोन सरळ नियम. एक: र मधला सुमारे ०.०७ हिस्सा कायम बिनकामाचा दिसतो, वरचा जो राहतो त्याच्या प्रमाणात वाढ होते. वाढीचा दर = व × (र − ०.०७), इथे व म्हणजे रायबोसोमचा वेग, निरोगी ई. कोलायमध्ये ताशी अंदाजे ६. दोन: अन्नाची आवक प च्या प्रमाणात. वाढीचा दर = द × प, इथे द म्हणजे अन्नाचा दर्जा.

जीएफपीवर कुणाचं नियंत्रण नाही, म्हणून र आणि स ने आपापला वाटा उचलल्यावर जे उरतं त्यात ते प सोबत लहानमोठं होतं. आता समाकलन, तुमचेच आकडे घालू.

अ: ३० मिनिटांत दुप्पट, म्हणजे दर ताशी १.३९. र = ०.०७ + १.३९/६ = ०.३०. प = ०.२५.
ब: ९० मिनिटांत दुप्पट, दर ०.४६. र = ०.१५. प = ०.४०.

०.४० ÷ ०.२५ = १.६. तुमची 'दीडपटीच्या जरा वर'.

क मध्ये अन्न अ चंच आहे, म्हणून द तोच. वाढ निम्म्यावर आली तर प = वाढीचा दर ÷ द, तोही निम्मा. ०.१२५. तुमची 'निम्मी'.

समाकलन

बाप रे. एकही नवीन अचल न लावता दोन्ही बसले?

फावल्या_वेळात

व, ०.०७ आणि ०.५५ हे तिन्ही आकडे त्यांच्या मोजणीतले आहेत, तुमच्या वाणाला थोडे इकडेतिकडे होतील. पण दिशा बदलणार नाही.

क मध्ये आणखी एक गंमत आहे. प ०.१२५ झाला म्हणजे र ०.४२५ वर गेला. त्यावरून व काढा: ०.६९ ÷ (०.४२५ − ०.०७), म्हणजे दोनच्याही किंचित खाली. औषधाने रायबोसोमचा सरासरी वेग एक तृतीयांशावर आणला, पण वाढ निम्म्यावरच थांबली. पेशीने जास्तीचे रायबोसोम बांधून मार अर्धवट झेलला. त्याची किंमत प ने मोजली, आणि प च्या पंगतीला तुमचं जीएफपी बसलं होतं.

चकलीचा_सोऱ्या

म्हणजे पगार तेवढाच, घरभाडं वाढलं की भाजीपाल्यावर गदा. ब मध्ये भाडं कमी झालं, क मध्ये वाढलं. बरोबर का?

फावल्या_वेळात

बरोब्बर. फक्त इथे भाडं आणि भाजी यांच्यावरच पुढचा पगार ठरतो, म्हणून समीकरण लागतं.

दोन्ही नियम एकत्र केले तर: वाढीचा दर = ०.४८ ÷ (१/व + १/द), इथे ०.४८ म्हणजे ०.५५ − ०.०७. शाळेत रोधांची एकसर जोडणी शिकलो तीच. विद्युत मंडलाची ही उपमा त्यांनीच शोधनिबंधात दिली आहे. अन्न निकृष्ट केलं तर एक रोध वाढतो, क्लोरॅम्फेनिकॉल दिलं तर दुसरा. प्रवाह दोन्हीत घटतो, पण दाब कोणत्या रोधावर जास्त पडतो ते उलटं होतं.

शंकासुर

माफ करा, पण याला मी मॉडेल म्हणणार नाही. दोन सरळ रेषा आणि एक बेरीज. पेशीला कसं कळतं की अमुक इतके रायबोसोम बांधायचे? यंत्रणा कुठे आहे? रेघा ओढून आकडे जुळवायला जीवशास्त्र लागत नाही.

पेट्री_डिश

यंत्रणा माहीत आहे हो. टंचाईचा इशारा देणारा एक छोटा रेणू पेशीत असतो, पीपीजीपीपी. अमिनो आम्लं कमी पडली की रिकामे टीआरएनए (अमिनो आम्लं वाहून आणणारे रेणू) रायबोसोममध्ये येऊन बसतात, रेलए नावाचं एन्झाइम पीपीजीपीपी बनवतं, आणि रायबोसोमल आरएनएचं ट्रान्सक्रिप्शन मंदावतं. ब मध्ये आवक कमी, म्हणून र कमी. क मध्ये उलट: औषधाने रायबोसोम अडकलेत, अमिनो आम्लं खपत नाहीत, टीआरएनए भरलेले, पीपीजीपीपी खाली, मग रायबोसोमल आरएनए जोरात. दोन्ही दिशा जुळतात.

शंकासुर

मग मॉडेलमध्ये पीपीजीपीपीचं समीकरण घाला ना. वाटे मांडून का थांबायचं?

फावल्या_वेळात

घालतात. २०१५ मध्ये वाइसं, स्वेन आणि सहकाऱ्यांनी ऊर्जा, रायबोसोम, एमआरएनए अशी यंत्रणेची समीकरणं लिहून एकूण मॉडेल केलं, आणि वरच्या सरळ रेषा त्यातून आपसूक निघाल्या. पण त्यात अचलांची संख्या वाढते. समाकलन यांच्याकडे तीन फ्लास्कचे आकडे आहेत. त्यांना पीपीजीपीपीचा बंधन-स्थिरांक बसवायला सांगणं म्हणजे छळ आहे.

शिवाय या रेषा काल-परवाच्या नाहीत. कोपनहेगनमध्ये शेश्टर, मोलो आणि केल्गॉर यांनी १९५८ साली साल्मोनेला वीसेक वेगवेगळ्या माध्यमांत वाढवला. पेशीचं आकारमान, आरएनए, डीएनए हे सगळं कोणतं अन्न दिलं यावर नाही, तर त्या अन्नात वाढीचा दर किती यावर ठरतं असं त्यांना आढळलं. मोनो या शास्त्रज्ञाने वाढीचा दर अन्नाच्या संहतीशी जोडला होता. कोपनहेगनवाल्यांनी पेशीच्या पोटातलं सगळं वाढीच्या दराशी जोडलं. पीपीजीपीपीचा शोध त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी लागला. आधी नियम दिसला, मग कारण.

शंकासुर

हे पटलं असं म्हणत नाही, पण तीन फ्लास्कचा मुद्दा मान्य.

फर्मेंटरवाला

उशिरा येतोय. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, फक्त आम्ही समीकरण लिहीत नाही. बीएल२१ या वाणात टी७ हा जोरदार प्रमोटर, तो चालू करणारं आयपीटीजी टाकलं की अर्ध्या तासात ओडीचा आलेख मान टाकतो. नवीन पोरं घाबरून माध्यम तपासायला धावतात.

एक विचारायचं होतं. पेशीला नको असलेलं प्रथिन किती बनवून घेतलं तर वाढ किती पडते, याचा काही हिशोब?

फावल्या_वेळात

त्याच बेरजेतून निघतो. निरुपयोगी प्रथिनाचा वाटा 'न' मानला तर वर ०.४८ च्या जागी (०.४८ − 'न') येतं. म्हणजे वाढ सरळ रेषेत घटते. एकूण प्रथिनाच्या १० टक्के निरुपयोगी असेल तर वाढीचा दर साधारण पाचव्या हिश्शाने कमी, आणि ५० टक्क्यांच्या अलीकडेच शून्य. स्कॉट यांच्या निबंधात हेही मोजलेलं आहे. आयपीटीजीनंतर तुमचा आलेख मान टाकतो त्यात विष वगैरे असायलाच हवं असं नाही, नुसती बेरीजही पुरेशी असते.

फर्मेंटरवाला

आणि अॅसिटेट? ग्लुकोज मोकळं सोडलं की भरपूर हवा असूनही ई. कोलाय अॅसिटेट सांडतो. म्हणून तर आम्ही ग्लुकोज थेंबाथेंबाने देतो.

फावल्या_वेळात

तेही याच हिशोबात बसवलंय, ह्वा यांच्याच गटाने, २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये. श्वसनातून ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऊर्जा जास्त मिळते, पण तेवढीच ऊर्जा मिळवायला लागणारी प्रथिनं अॅसिटेटच्या वाटेपेक्षा जास्त लागतात. वाढ वेगवान झाली की रायबोसोमला जागा हवी, मग पेशी प्रथिनं वाचवते आणि ग्लुकोज उधळते. तुम्ही ग्लुकोज थेंबाथेंबाने देऊन वाढीचा दर उंबरठ्याखाली ठेवता, म्हणून ती वेळच येत नाही.

एकपेशीय

सगळे सरासरीबद्दल बोलताय. ओडी म्हणजे कोट्यवधी पेशींची बेरीज. एकेका पेशीत काय? एलोविट्झ आणि मंडळींनी २००२ मध्ये एकाच पेशीत एकसारख्या प्रमोटरखाली दोन रंगांची प्रथिनं बसवली होती, ते दोन रंगही एकमेकांशी पुरते जुळले नाहीत. जनुकं तीच, माध्यम तेच.

समाकलन, पुढे गिलेस्पी पद्धतीने (एकेक रासायनिक घटना यदृच्छया घडवत) सिम्युलेशन करणार असाल तर एक खबरदारी. बरेच जण विरलन हे 'विघटन' असल्यासारखं घालतात, प्रथिनाचा एकेक रेणू यदृच्छया नाहीसा होतो अशा थाटात. सरासरी बरोबर येते, पण चढउतार चुकतात. पेशी वाढवा, विभागा आणि विभाजनाच्या वेळी रेणू दोन लेकींत नाणं उडवून वाटा. रेणू थोडे असतील तिथे फरक स्पष्ट दिसतो.

समाकलन

हे ध्यानात ठेवते. पण क च्या बाबतीत एकेका पेशीकडे बघण्यासारखं काही आहे का? मैत्रिणीचं पुढचं काम तिथेच आहे. जीएफपीच्या जागी क्लोरॅम्फेनिकॉलला निकामी करणारं एन्झाइम बसवणार आहे.

एकपेशीय

अहो, मग तर खजिन्यावर बसला आहात!

वर आलंच आहे की हे औषध दिल्यावर बिननियंत्रित प्रथिनाचा वाटा वाढीच्या दराच्या प्रमाणात घटतो. आता ते प्रथिनच औषध निकामी करणारं आहे असं धरा. पेशी जरा मंदावली, एन्झाइम कमी झालं, औषध जास्त साठलं, पेशी आणखी मंदावली. घसरगुंडी. दुसऱ्या टोकाला, पेशी जोमात आहे, एन्झाइम भरपूर, औषध आत आलं की निकामी, जोम टिकून. एकाच डोसला दोन स्थिर अवस्था. मुद्दाम बांधलेलं कुठलंही स्विच नाही, जनुकावर नियंत्रण नाही, तरीही.

डेरिस, ह्वा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हे प्रत्यक्ष दाखवलं. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कप्प्यांत जनुकीयदृष्ट्या एकसारख्या प्रतिरोधक पेशी, सगळ्यांना औषधाची मात्रा तीच. काही छान वाढतात, काही नुसत्या पडून राहतात.

पेट्री_डिश

म्हणजे प्लेटवर मोजलेला 'किमान रोधक डोस' हाही एक आकडा राहत नाही. पेशी आधी कुठल्या अवस्थेत होत्या यावर उत्तर बदलेल.

एकपेशीय

हो. औषध हळूहळू चढवत नेलं तर जिथे वाढ थांबते तो डोस वेगळा, आणि थेट औषधात टाकल्या तर वेगळा. म्हणून मैत्रिणीला सांगा, रात्रभर वाढवून गप्प झालेलं कल्चर सरळ औषधात ओतू नका. आधी औषधाशिवाय लॉग फेजमध्ये आणा, मग औषध द्या.

शंकासुर

हे मात्र आवडलं. दोन रेषांनी आधी न पाहिलेलं काहीतरी सांगितलं.

पण या रेषा कुठवर खऱ्या? फार संथ वाढीत काय होतं?

फावल्या_वेळात

तिथे सरळपणा सुटतो. २०१६ मध्ये दाय आणि सहकाऱ्यांनी मोजलं. चांगल्या अन्नात रायबोसोम सेकंदाला १६-१७ अमिनो आम्लं जोडतो, अगदी संथ वाढीत ते ९ च्या आसपास येतं, आणि बरेचसे रायबोसोम कामावरच नसतात. म्हणजे व हा अचल राहत नाही. दुप्पट व्हायला बरेच तास लागत असतील तर वरची आकडेमोड तशीच उचलून लावू नका.

समाकलन

औषधाचे आणखी काही डोस मैत्रिणीकडे आधीचेच मोजून पडलेले होते. माध्यम अ चंच. आडव्या अक्षावर वाढीचा दर, उभ्यावर चकाकी ÷ ओडी. सरळ रेषा येते आणि मूळबिंदूच्या अगदी जवळून जाते! फक्त सगळ्यात जास्त डोसचा बिंदू रेषेच्या बराच वर आहे. तो वगळू का?

फावल्या_वेळात

वगळू नका, आधी तपासा. त्या डोसला दुप्पट व्हायला किती वेळ लागतोय?

समाकलन

चार तासांच्या वर.

फावल्या_वेळात

मग औषध दिल्यापासून मोजेपर्यंत किती वेळ गेला ते बघा. जीएफपी मोडत नाही, जुना साठा निम्मा व्हायला एक पूर्ण दुप्पट लागते. चार तासांत दुप्पट होणाऱ्या पेशींत पाच-सहा तासांनी मोजलंत तर आधीच्या जोमातल्या दिवसांचंच जीएफपी बरंच शिल्लक असणार. स्थिर अवस्थेचं सूत्र तिथे लावताच येत नाही. त्या एका डोससाठी चकाकीऐवजी चकाकी वाढण्याचा दर ÷ ओडी काढा, आणि त्याला वाढीच्या दराने भागून तोच बिंदू पुन्हा मांडा.

समाकलन

मैत्रीण म्हणते दर दहा मिनिटांची वाचनं साठवलेली आहेत. आज बसते.